बोटातली अंगठी आणि अंगातलं रक्त

मी उमेळ्याहून बोलतेय. एरवी या वेळेला मी तुमच्याशी बचतीचं, हप्त्यांचं, बँकेतल्या कागदांचं बोलते. आज विषय वेगळा आहे, पण शेवटी तोही पैशापाशीच येतो. आज अंगठीबद्दल बोलायचंय.

अंगठी आणि तब्येत यांचं नातं आपल्याला नवीन नाही. आजीच्या बोटात तांब्याची अंगठी असायची, सांधे दुखत नाहीत म्हणून. कुणी पोवळं घालतं, कुणी मोती. पायात जोडवी असतात, त्यांच्याबद्दलही काय काय सांगतात. आता बाजारात जी अंगठी आलीय तिला स्मार्ट रिंग म्हणतात. दिसायला साधी, जाडसर, बहुतेक काळी नाहीतर चंदेरी. खडा नाही, नक्षी नाही. पण आतल्या बाजूला बारीक दिवे असतात, आणि ती रात्रभर तुमची नाडी मोजते, झोप मोजते, अंगाची उष्णता मोजते आणि सकाळी मोबाईलवर सांगते की आज तुम्ही कशा आहात.

यातली ‘औरा’ नावाची अंगठी फिनलंड देशातल्या ओउलू शहरातून आली. ती कंपनी २०१३ मध्ये निघाली. आपल्याकडे बंगळुरूची ‘अल्ट्राह्यूमन’ कंपनी अशी अंगठी बनवते. सॅमसंगनेही २०२४ मध्ये आणली. ‘नॉइज’, ‘बोट’ या घड्याळं आणि इअरफोनवाल्या कंपन्यांनीही आणल्या. म्हणजे आता ही फक्त सिनेमावाल्यांची आणि खेळाडूंची वस्तू राहिलेली नाही. मोबाईलवर जाहिरात येते, आखातात किंवा कॅनडात असलेली मुलं पाठवतात, आणि गटाच्या बैठकीत बायका विचारतात, ताई, हे घ्यावं का?

आधी ती काम कसं करते ते समजून घेऊ. लहानपणी टॉर्चवर बोट ठेवून लाल झालेलं बोट बघितलंय ना? तीच गंमत आहे. अंगठीच्या आतून हिरवा, लाल आणि डोळ्यांना न दिसणारा इन्फ्रारेड असा प्रकाश कातडीत शिरतो. हृदयाचा ठोका पडला की बोटात रक्त थोडं जास्त येतं आणि प्रकाश जास्त शोषला जातो. ठोका सरला की कमी. हा कमी-जास्तपणा मोजून ती नाडी सांगते. बोटाच्या तळव्याकडच्या बाजूला रक्तवाहिन्या चांगल्या असतात, म्हणून अंगठी घालताना दिव्यांची बाजू तळव्याकडे ठेवायची. मनगटावरच्या घड्याळापेक्षा बोटातली नोंद स्वच्छ मिळते असं म्हणतात ते याचसाठी. शिवाय आत हालचाल ओळखणारा बारीक भाग असतो आणि उष्णता मोजणाराही.

आता नीट ऐका. अंगठी झोप ‘मोजत’ नाही. झोप मेंदूत असते आणि अंगठी बोटात. हात किती वेळ हलला नाही, नाडी किती उतरली, यावरून ती झोपेचा अंदाज बांधते. तुम्ही डोळे मिटून, न हलता, उद्याच्या हप्त्याचा विचार करत पडून राहिलात तर तिला ती झोपच वाटू शकते. ताणाचंही तसंच. दोन ठोक्यांमधलं अंतर प्रत्येक वेळी अगदी सारखं नसतं. शरीर आरामात असलं की ते जास्त कमी-जास्त होतं. ताप असला, ताण असला, दारू घेतली, की ते एकसारखं व्हायला लागतं. त्यावरून ती सांगते की आज जपून. कशाचा ताण हे तिला माहीत नसतं. ताप की सासू, तिला फरक कळत नाही.

एक गोष्ट मात्र ती खरंच चांगली करते. ती रोज, न कंटाळता, एकाच माणसाची नोंद ठेवते. डॉक्टरांकडे आपण सहा महिन्यांतून एकदा जातो, तेही मूल आजारी पडलं म्हणून. जाता जाता स्वतःचं सांगतो. अंगठीकडे नव्वद रात्रींची नोंद असते. एका रात्रीच्या आकड्याला फार अर्थ नाही, पण नव्वद रात्रींच्या चढउताराला आहे.

आमच्या गटातल्या एका बाईचं सांगते. तिला विचारून सांगतेय, नाव सांगणार नाही. वय चव्वेचाळीस. मुलगी आखातात नर्स आहे. तिने गेल्या वर्षी आईला अशी अंगठी पाठवली आणि आईची नोंद स्वतःच्या मोबाईलवर दिसेल अशी सोय करून ठेवली. आई अंगठी घालून कोलंबी सोलायची, भाजी निवडायची, अंगणात केर काढायची. तिने ते ॲप कधी उघडूनही बघितलं नाही. तीन-चार महिन्यांनी मुलीचा फोन आला. आई, झोपेत तुझी नाडी पूर्वी सहासष्ट-अडुसष्ट असायची, आता ऐंशीच्या वर जातेय, तुला काय होतंय? आई म्हणाली, काही नाही, उकडतंय. मुलगी ऐकेना. मग खरं बाहेर आलं. वर्षभर पाळी आठ-नऊ दिवस चालत होती, गाठी पडत होत्या. नायगाव स्टेशनचा पूल चढताना छातीत धडधडायचं, मध्येच थांबावं लागायचं. घरात हे कुणाला माहीत नव्हतं. या वयात असं होतंच, असं तिने स्वतःलाच सांगून ठेवलं होतं.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ७.९. पोटात नसलेल्या बाईचं ते १२च्या वर असायला हवं, आणि ८च्या खाली गेलं की त्याला तीव्र रक्तक्षय म्हणतात. सोनोग्राफीत गर्भाशयात गाठ निघाली. उपचार चालू झाले, आता ती बरी आहे, पूल एका दमात चढते.

तुम्ही म्हणाल, बघा, अंगठीने वाचवलं. थोडं थांबा. त्या सगळ्या महिन्यांत अंगठी तिचा ऑक्सिजन ९८ टक्के दाखवत होती. आकडा हिरव्या रंगात, म्हणजे सगळं छान. कोरोनात आपण सगळ्यांनी बोटाला चिमटा लावून ऑक्सिजन बघितलाय, त्यामुळे ९८ दिसलं की आपल्याला हायसं वाटतं. मग रक्त एवढं कमी असताना ९८ कसं?

याला विरार लोकलचं उदाहरण देते. बारा डब्यांची गाडी आहे आणि सगळे डबे भरलेत. गाडी किती भरली? शंभर टक्के. आता त्याच गाडीचे सहा डबे काढून घेतले आणि उरलेले सहा भरले. गाडी किती भरली? तरीही शंभर टक्के. पण चर्चगेटला माणसं पोचली निम्मीच. हिमोग्लोबिन म्हणजे डबे आणि ऑक्सिजन म्हणजे माणसं. ऑक्सिजनचा आकडा सांगतो की आहेत ते डबे किती भरलेत. डबे किती आहेत ते तो सांगत नाही. मग माणसं पोचवायची तर काय करावं लागेल? गाड्या वाढवाव्या लागतील. हृदय तेच करतं, जास्त वेळा धावतं. म्हणून नाडी ऐंशीवर गेली. अंगठीने धावपळ बघितली. डबे कमी आहेत हे साध्या रक्ततपासणीने सांगितलं. आणि पाळीचं तर त्या बाईला स्वतःलाच वर्षभर आधी माहीत होतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची पाचवी फेरी २०१९ ते २१मध्ये झाली. तिच्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. दोघींत एक, त्याहून थोड्या जास्तच. आपल्या बारा जणींच्या गटात सरासरीने सहा-सात जणी. बैठकीत सतरंजीवर बसलेल्या बायका मनातल्या मनात मोजून बघा. आपला एवढा मोठा, एवढा साधा आजार आणि बाजारातली आरोग्याची अंगठी तो दाखवत नाही. ती बनवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर जी बाई होती ती वेगळी होती. तिचा प्रश्न झोप कशी सुधारू, व्यायाम किती करू हा होता. त्यात वाईट काही नाही, पण आपण कुठे बसतो ते ओळखून घ्यायला हवं. गेल्या महिन्यात त्याच बाईच्या मोबाईलवर सूचना आली की रोज सात तास झोप घ्या. ती म्हणाली, त्या अंगठीला सांगा, पाणी पहाटे साडेतीनला येतं.

आता दुसरी अंगठी. ही दिसायला पहिलीसारखीच, पण किंमत चौदाशे रुपये. मोबाईलवर जाहिरात आली होती. रक्तदाब, साखर, ऑक्सिजन, सगळं एका अंगठीत, सुई नको, डॉक्टर नको. आमच्या ओळखीच्या एका घरात सुनेने मोठ्या प्रेमाने सासूबाईंसाठी मागवली. सासूबाईंना ब्लड प्रेशरची गोळी चालू होती. अंगठी रोज ११८ बाय ७८ दाखवायची, कधी १२१ बाय ८०. सासूबाईंना वाटलं, बरं झालं, गोळी सुटली. दोन महिने गोळी बंद. मग आरोग्य शिबिरात दंडाला पट्टा बांधून मोजलं तर १७६ बाय १०४. तिथल्या सिस्टरने त्यांना उठूच दिलं नाही, डॉक्टर येईपर्यंत बसवून ठेवलं.

ती अंगठी आम्ही बैठकीत मागवून घेतली. एकेकीच्या बोटात घालून बघितली. ज्या वहिनींचं प्रेशर कायम कमी असतं त्यांनाही १२० आणि जाडजूड मावशींनाही १२०. शेवटी एकीने टोपलीतलं वेलची केळं घेतलं आणि त्याला अंगठी चढवली. केळ्याची नाडी ७२ आली आणि प्रेशर ११९ बाय ७९. हसून हसून पुरेवाट झाली. सासूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, मी दोन महिने या केळ्याच्या भरवशावर होते.

तेव्हा हे लिहून घ्या. सुई न टोचता साखर सांगणाऱ्या अंगठीवर किंवा घड्याळावर विश्वास ठेवू नका. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, ज्याला एफडीए म्हणतात, फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर सांगितलं की असं एकही घड्याळ किंवा अंगठी आम्ही मंजूर केलेली नाही, वापरू नका. अंगठीचा आकडा बघून कुणी इन्सुलिन कमी-जास्त घेतलं तर जीवावर बेतेल. रक्तदाबाचंही तसंच. दंडाला पट्टा बांधून मोजलेला आकडा खरा धरायचा. आणि कुठल्याही अंगठीच्या सांगण्यावरून गोळी बंद करायची नाही, सुरूही करायची नाही.

ऑक्सिजनच्या आकड्याबद्दल अजून एक. प्रकाशावर चालणारी ही यंत्रं सावळ्या-काळ्या कातडीवर कधीकधी खऱ्यापेक्षा जास्त ऑक्सिजन दाखवतात, हे २०२० मध्ये अमेरिकेतल्या रुग्णालयांच्या नोंदींतून समोर आलं. ती तर रुग्णालयातली यंत्रं होती. आपण उन्हातान्हात काम करणाऱ्या बायका. दम लागतोय, ओठ निळसर पडलेत, आणि अंगठी म्हणते ९७, तर अंगठीचं ऐकायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आता ज्यासाठी हा विषय घेतला तिकडे येते. आमच्या एका सभासद बाईने गेल्या बैठकीत गटाकडे कर्जाचा अर्ज दिला. कारण लिहिलं होतं, ‘आरोग्य, स्मार्ट रिंग’. ती मुंबईत एका आजारी आजींना सांभाळायला रात्रपाळीला जाते. संध्याकाळची लोकल पकडते, सकाळी परत येते, मग घरचं काम. तिची झोप होत नाही, डोकं दुखतं, चिडचिड होते. जिथे ती कामाला जाते त्या घरातल्या मॅडमच्या बोटात अंगठी आहे. तिला वाटलं, आपल्यालाही कळेल आपलं काय बिघडलंय. यात चुकीचं काय आहे? काहीच नाही. पण गटात दोन तट पडले. एक म्हणाल्या, आरोग्यासाठी कर्ज द्यायचं हे आपण सगळ्यांनी मान्य केलंय, मग कारण का विचारता? उद्या तिने सोन्याची अंगठी मागितली असती तर दिली असतीत. दुसऱ्या म्हणाल्या, हे आरोग्य नाही, हौस आहे.

मी हिशेब मांडला. चांगल्या कंपनीची अंगठी साधारण साडेअठ्ठावीस हजाराची. सॅमसंगची तर निघाली तेव्हा एकोणचाळीस हजाराच्या आसपास होती. आपण साडेअठ्ठावीस हजार धरू. आमच्या गटाचं व्याज महिना दोन टक्के, उरलेल्या मुद्दलावर. बारा हप्ते केले तर दर महिन्याचं मुद्दल २,३७५. पहिल्या महिन्याचं व्याज ५७०, पुढे कमी होत जाईल. वर्षाचं एकूण व्याज ३,७०५. म्हणजे अंगठी पडली ३२,२०५ला. तिची बॅटरी आतच बंद केलेली असते, बदलता येत नाही. दोन-तीन वर्षांनी चार्जिंग टिकेनासं झालं की अंगठी संपली. सोन्यासारखी मोडायला नेता येत नाही. काही कंपन्या तर अंगठीचे पैसे घेऊन वर दरमहा वर्गणीही घेतात.

त्याउलट दंडाला बांधायचं चांगलं डिजिटल बीपी मशीन दोन हजाराच्या आसपास येतं. बारा जणींनी दीडशे-दीडशे काढले तर अठराशे होतात. त्यात गटाच्या दंडाच्या रकमेतून थोडी भर घातली की झालं. मी म्हटलं, मशीन गटाचं असू दे, बैठकीच्या दिवशी प्रत्येकीचं मोजू, वहीत हप्त्याच्या पुढच्या रकान्यात लिहू. हप्त्याची नोंद आपण अकरा वर्षं चुकवली नाही, मग ही का चुकेल?

मशीनवर सगळ्यांचं एकमत झालं, ते आलंसुद्धा. अंगठीच्या अर्जावर अजून झालेलं नाही. माझं मत मी बैठकीत सांगितलं, इथेही सांगते. गटाचा पैसा हा बारा घरांचा अडीनडीचा पैसा आहे. त्यातले साडेअठ्ठावीस हजार एका जागी वर्षभर अडकले, आणि पावसाळ्यात कुणाचं ऑपरेशन निघालं, तर काय? म्हणून माझा नकार आहे. अंगठीला नाही, त्या पैशाला. ती बाई माझ्यावर थोडी नाराज आहे. ती म्हणते, दिवाळीला मॅडम बोनस देतील त्यातून घेईन. जरूर घे. पण तोपर्यंत रक्त तपासून घे, थायरॉइड तपासून घे, आणि रात्रपाळीनंतर दिवसा चार तास तुझ्या दारावर कुणी थाप मारणार नाही असं घरात सांगून ठेव. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

ज्यांच्याकडे अंगठी आहे किंवा येणार आहे त्यांच्यासाठी आता काही कामाच्या गोष्टी. आपले हात म्हणजे काम करणारे हात. पीठ मळताना, मासे साफ करताना, मातीत काम करताना अंगठी काढून ठेवा. तिच्या कडेला घाण बसते आणि खाली कातडी ओली राहून खाज सुटते. मिक्सर-ग्राइंडर, पिठाची गिरणी, पाण्याचा पंप, गाडीचं दार, लोकलचा दांडा, इथे कुठलीही अंगठी अडकली तर बोट सोलवटून निघतं. स्मार्ट असो की साधी. धावत्या गाडीतून उतरणाऱ्यांनी हे जास्त लक्षात ठेवा.

माप आधी घ्या. बऱ्याच कंपन्या मापासाठी प्लास्टिकच्या नमुना अंगठ्या पाठवतात. त्या एक दिवस-रात्र घालून बघा, कारण उन्हाळ्यात, पाळीच्या आधी, गरोदरपणात बोटं सुजतात. आपल्याकडच्या ख्रिस्ती बायकांच्या बोटात लग्नाची अंगठी असते, तिच्या शेजारी ही घातली तर दोन्ही घासतात. दुसऱ्या हातात घाला. अडकलीच तर हात डोक्याच्या वर पाच मिनिटं धरा, थंड पाण्यात बुडवा, मग साबण किंवा तेल लावून फिरवत काढा. ओढू नका. बोट निळं पडलं, बधिर झालं, किंवा अंगठी गरम लागली तर थेट दवाखाना. २०२५ मध्ये परदेशात एका माणसाच्या बोटातच अंगठीची बॅटरी फुगली, ती निघेना, आणि शेवटी रुग्णालयात काढावी लागली. असं क्वचित होतं, पण झालेलं आहे. एमआरआय काढायच्या वेळी मात्र आठवणीने काढा.

आणि आता मोबाईल. अंगठीला स्वतःला काही दाखवता येत नाही, ती सगळं मोबाईलला सांगते. तो मोबाईल कुणाचा? आपल्या किती घरांत स्मार्टफोन नवऱ्याचा किंवा मुलाचा आहे? या अंगठ्या पाळीची नोंद ठेवतात. अंडं सुटल्यानंतर अंगाची उष्णता साधारण अर्ध्या अंशापर्यंत वाढते, त्यावरून पाळी कधी येईल याचा अंदाज देतात. काहीजणींना ते फार उपयोगी पडेल. पण तुमची पाळी चुकली हे तुमच्या आधी तुमच्या दिराला कळायला नको ना? ॲप स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या पासवर्डने ठेवा. मोबाईल स्वतःचा नसेल तर पाळीची नोंद त्यात करू नका. आणि या उष्णतेच्या भरवशावर, आज काही होत नाही म्हणून, साधन न वापरता राहू नका. ते त्यासाठी नाही.

ही सगळी माहिती कंपनीकडे जाते. आपल्या देशात माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, त्यात आपली माहिती वापरण्याआधी संमती घ्यावी लागते आणि ती संमती मागे घेण्याचा हक्कही आहे. पण आपण काय करतो, ‘सहमत’ असं दिसलं की दाबून मोकळ्या होतो. कर्जाच्या कागदावर सही करताना आपण एकमेकींना थांबवतो, वाच म्हणतो. तसंच इथेही करा. वाचता येत नसेल तर गटातल्या शिकलेल्या मुलीला वाचायला बसवा.

ज्यांच्याकडे अंगठी नाही त्यांनी काय करायचं? नाडी मोजायला दोन बोटं पुरतात. सकाळी उठायच्या आधी, अंथरुणातच, मनगटावर अंगठ्याच्या मुळाशी दुसऱ्या हाताची पहिली दोन बोटं ठेवा. अंगठा नको, अंगठ्याला स्वतःचा ठोका असतो. तीस सेकंद मोजा, दुप्पट करा. साठ ते शंभर हे साधारण ठीक. पण तुमची रोजची किती हे महत्त्वाचं. रोजची सत्तर असेल आणि आठवडाभर सतत पंच्याऐंशी येत असेल तर विचारायला जा.

पाळी कालनिर्णयवर लिहा. सुरू झाली तिथे गोल, संपली तिथे फुली. सात दिवसांहून जास्त चालली, मोठ्या गाठी पडल्या, तासा-दोन तासांनी कपडा किंवा पॅड बदलावं लागलं, तर ते ‘वयाचं’ नाही. दाखवायला जा. डॉक्टरांसमोर त्या पानाला अंगठीएवढीच किंमत आहे.

तीस वर्षांवरच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. आशाताई घरी येऊन एक फॉर्म भरतात, त्यात वय, तंबाखू, कंबरेचं माप, घरातले आजार असं विचारतात. तेव्हा मिशेरी लावत असाल तर लावते म्हणून सांगा, लपवू नका. लोहाच्या गोळ्याही त्यांच्याकडे मिळतात. गोळी चहासोबत घेऊ नका, लिंबू-आवळ्यासोबत घ्या, आणि काळी शी झाली म्हणून घाबरून सोडू नका, लोहाने ती होतेच. मात्र महिना-दोन महिने गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर सिकलसेलची तपासणी झालीय का विचारा. आपल्या पालघर जिल्ह्यात, विशेषतः आदिवासी पाड्यांवर, तो आजार आहे, आणि त्याचं निदान अंगठी करत नाही, रक्ताचा थेंब करतो.

बीपी मोजायच्या आधी पाच मिनिटं शांत बसायचं, लघवीला जाऊन यायचं, अर्धा तास आधी चहा नाही, मिशेरी नाही. पाठ टेकून, पाय जमिनीवर, दंड छातीच्या उंचीला, आणि पट्टा बाहीवर नाही, उघड्या दंडावर. मोजताना बोलायचं नाही. आमच्या बैठकीत हा शेवटचा नियम पाळणं सगळ्यात कठीण जातंय. १४० बाय ९० किंवा त्याहून जास्त आलं तर घाबरायचं नाही, पुन्हा मोजायचं, दुसऱ्या दिवशीही मोजायचं, आणि तसंच आलं तर डॉक्टरांकडे.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने रक्ताचा शेवटचा रिपोर्ट सोबत आणायचा आहे. दोन वर्षांपूर्वीचा असला तरी चालेल. बाळंतपणाच्या वेळचा असला, म्हणजे मूल आता कॉलेजात असलं, तरीसुद्धा तोच आणा. वहीत नवीन रकाना आखून ठेवलाय. ज्यांच्याकडे रिपोर्टच नाही त्यांनी आदल्या आठवड्यात माझ्याकडे नाव द्या, एकत्र जाऊ, सकाळी साडेनऊला, सगळ्यांची पाण्याची आणि डब्याची वेळ झाल्यावर.